फिलिप हेन्री गॉस आणि कांचेंतील समुद्र

जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशीं, नाणेघाटाच्या तोंडाशीं वसलेलें घाटघर गांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पावसाळ्याच्या आरंभीं तेथील ओढे फुगले म्हणजे लहान मासे पाण्याच्या ओढीविरुद्ध चढत भाताच्या खाचरांत येतात, आणि मुलांची एकच धांदल उडते. त्या गांवच्या आमच्या एका विद्यार्थ्यानें असेच पांच-सहा मासे मातीच्या मडक्यांत घालून वसतिगृहांत आणले. त्यांना सोबत व्हावी म्हणून त्यानें मडक्यांत एक खेकडाही सोडला होता. दोन दिवस मुलें मडक्याभोंवतीं दाटी करून बसत. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों पाण्याला घाण येत होती, आणि मडक्यांत खेकडा तेवढा जिवंत होता. मुलाचा चेहरा उतरला. ओढ्यांत जे जीव एकत्र राहतात ते मडक्यांत एकत्र कां राहूं शकत नाहींत, असें त्यानें आम्हांस विचारलें.

प्रश्न विचारणारा लहान होता, पण प्रश्न लहान नव्हता. हाच प्रश्न एकोणिसाव्या शतकांत एका इंग्रज गृहस्थानें समुद्राच्या पाण्यासंबंधानें स्वतःस विचारला, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत आयुष्यांतील उत्तम वर्षें खर्चिलीं. आज शहरांतील कित्येक घरांतून कांचेच्या टाकींत समुद्राचें खारें पाणी, रंगीबेरंगी मासे आणि प्रवाळें दिसतात. त्या छंदाचा पाया ज्यांनीं घातला त्यांत ह्या गृहस्थाचें नांव पहिल्या ओळींत येतें. त्याचें नांव फिलिप हेन्री गॉस. त्याची जीवनकथा आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहोंत.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजीं इंग्लंडांतील वुस्टर येथें झाला. त्याचा बाप टॉमस गॉस हा गांवोगांव फिरून लोकांच्या लहान लहान तसबिरी रंगवीत असे. ह्या धंद्यांत कला होती, परंतु पैसा बेताचाच होता. पुढें ह्या कुटुंबानें पूल नांवाच्या बंदरांत बिऱ्हाड केलें, आणि फिलिपचें बाळपण समुद्राच्या काठीं गेलें. तेथें त्याची आत्या मिसेस बेल ही राहत असे. तिला सृष्टिनिरीक्षणाची फार आवड होती. तिचा मुलगा टॉमस बेल हा पुढें प्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ झाला. खडकांस चिकटून राहणारें समुद्रपुष्प तिनें आपल्या भाच्यास दाखविलें. समुद्रपुष्प हें नांवाचें फूल. वस्तुतः तो प्राणी आहे. पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या त्याच्या अवयवांत विष असतें, आणि त्यांच्या योगानें तो आपलें भक्ष्य धरतो. हा जीव खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत ठेवून पाहावा, असें आत्यानें मुलाला सुचविलें. पुढें मोठ्या झाडाच्या रूपानें वाढलेलें बीज तें हेंच.

गरिबीमुळें फिलिपला शाळा लवकर सोडावी लागली. पंधराव्या वर्षीं तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून झाला, आणि १८२७ सालीं, सतरा वर्षांचा असतांना, अटलांटिक महासागर ओलांडून न्यूफाउंडलंड बेटावरील कार्बोनियर येथें हिशेब लिहावयास गेला. त्या थंड प्रदेशांत त्यानें आठ वर्षें काढलीं. दिवसा कॉड माशांच्या व्यापाराचे जमाखर्च लिहावे आणि सवड मिळेल तेव्हां किडे गोळा करावे, असा त्याचा क्रम होता. १८३२ हें वर्ष त्याच्या आयुष्यांत मोठें ठरलें. सूक्ष्मदर्शक यंत्रावरील एक जुनें पुस्तक त्यानें त्या वर्षीं विकत घेतलें आणि कीटकांचा अभ्यास नेटानें सुरू केला. त्याच वर्षीं त्यानें आपलें जीवन प्रभूस वाहून देण्याचा निश्चय केला. हे दोन्ही निश्चय त्यानें अखेरपर्यंत पाळले.

येथून पुढें कांहीं वर्षें अपयशाचींच गेलीं. १८३५ मध्यें त्यानें कॅनडांत कॉम्प्टन येथें शेती घेतली. तीन वर्षें राबूनही ती पिकली नाहीं. १८३८ मध्यें तो अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांत गेला आणि तेथील मळेवाल्यांच्या मुलांना शिकवूं लागला. तेथें फुलपाखरें व पतंग यांचीं त्यानें काढलेलीं रंगीत चित्रें पाहिलीं म्हणजे बापाचें बारीक काम मुलाच्या हातीं उतरल्याचें कळतें. परंतु त्या मळ्यांवर गुलामांचे जे हाल तो डोळ्यांनीं पाहत होता ते त्याला सोसवेनात. १८३९ मध्यें तो रिकाम्या हातांनीं इंग्लंडास परतला. विद्यार्थिमित्रांनो, पदवी नाहीं, पैसा नाहीं, असा हा मनुष्य होता. त्याच्यापाशीं दोनच गोष्टी होत्या: टिपणांच्या वह्या, आणि पाहिलेलें अचूक लिहिण्याची संवय.

त्याच वह्यांतून १८४० सालीं कॅनडांतील सृष्टीवरचें त्याचें पहिलें पुस्तक निघालें. १८४४ मध्यें तो जमेका बेटावर गेला व तेथें सुमारें दीड वर्ष राहिला. तेथील पक्ष्यांवर त्यानें लिहिलेला ग्रंथ १८४७ मध्यें प्रसिद्ध झाला. ह्या कामीं स्पॅनिश टाऊनच्या रिचर्ड हिल नांवाच्या विद्वान गृहस्थाचें त्याला फार साहाय्य झालें. हिल हा मिश्रवर्णीय होता. त्या काळीं अशांचें श्रेय गोरे लेखक सहसा देत नसत. गॉसनें त्याचें नांव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आपल्या नांवाबरोबर छापलें. ज्याचें त्यास देणें हाही शास्त्राचा एक नियम आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें ध्यानांत ठेवावें.

१८४८ मध्यें त्याचा एमिली बोज हिच्याशीं विवाह झाला. ती स्वतः लेखिका होती आणि पतीइतकीच श्रद्धाळू होती. पुढच्या वर्षीं त्यांना एडमंड हा एकुलता एक मुलगा झाला. लंडनांत रात्रंदिवस लिहून गॉसची प्रकृति ढासळली, तेव्हां १८५२ सालीं हें कुटुंब हवा पालटण्यासाठीं डेव्हन परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन राहिलें. ओहोटी लागली कीं गॉस कंबरभर पाण्यांत उतरून खडकांच्या खळगींतील जीव शोधी. बाळपणीं आत्यानें सांगितलेला प्रयोग आतां त्यानें मोठ्या प्रमाणावर हातीं घेतला.

अडचण काय होती ती नीट समजून घेतली पाहिजे. समुद्राचें पाणी भांड्यांत आणून त्यांत प्राणी सोडले तर थोड्याच दिवसांत पाणी नासतें आणि प्राणी मरतात. प्राणी पाण्यांतील प्राणवायु घेतात आणि मलमूत्र टाकतात. समुद्रांत लाटा आणि पाण्याचा अफाट विस्तार ही उणीव भरून काढतात, भांड्यांत ती भरून निघत नाहीं. लंडनांत ॲना थिन नांवाच्या बाईनें १८४६ पासून जिवंत प्रवाळें घरीं ठेवून दाखविलीं होतीं. त्यासाठीं तिच्या घरची मोलकरीण पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतीत राही, म्हणजे त्यांत हवा मिसळे. रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें १८५० मध्यें गोड्या पाण्यांत मासे, पाणवनस्पति व गोगलगाई यांचा मेळ घालून पाणी दीर्घकाळ स्वच्छ ठेवलें. वनस्पति उजेडांत प्राणवायु सोडते, गोगलगाय कुजका पाला खाते, आणि मासा त्या दोघांच्या आधारें जगतो. हेंच तत्त्व गॉसनें समुद्रवनस्पति घेऊन खाऱ्या पाण्यास लावलें. कोणाच्या आधीं कोणी केलें, ह्या वादांत आम्ही शिरत नाहीं. अनेकांच्या हातांनीं तें काम पुरें झालें एवढें खरें.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ च्या मे महिन्यांत माशांचें पहिलें सार्वजनिक प्रदर्शन उघडलें, तेव्हां तेथील कांचेच्या टाक्यांसाठीं गॉसनें समुद्रकिनाऱ्यावरून प्राणी व वनस्पति पुरविल्या. दुसऱ्या वर्षीं त्याचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि ॲक्वेरियम हा शब्द घरोघरीं झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं त्यानें आणखी एक सोय केली: साध्या पाण्यांत चार प्रकारचे क्षार ठराविक प्रमाणांत मिसळून समुद्राचें कृत्रिम पाणी कसें करावें, तें त्यानें १८५४ मध्येंच प्रसिद्ध केलें. आजही घाटावरच्या गांवीं कोणी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतो तेव्हां एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम ह्या मानानें क्षारांचें मिश्रण विरघळवून पाणी तयार करितो. युक्ति मूळची गॉसच्या काळची आहे.

परंतु पाणी तयार झालें म्हणजे काम संपलें असें नव्हे. त्या पाण्यांत कोणाला कोणाशेजारीं ठेवावयाचें, हाच घाटघरच्या मुलाचा प्रश्न होता. समुद्रांत दुबळ्याला पळावयास जागा आहे. टाकींत ती नाहीं. प्रत्येक जीव काय खातो, किती वाढतो, कोठें दडतो आणि शेजाऱ्याशीं कसा वागतो, हें आधीं पाहावें आणि मगच त्याला आंत घ्यावें, हाच ह्या कामाचा राजमार्ग. हल्लींच्या प्रवाळाच्या टाकीस तो तंतोतंत लागू पडतो. मुंबईस मरीन ड्राइव्हवर १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून किती तरी मुलांनीं रंगीत मासे पाहून घरीं तशीच टाकी हवी असा हट्ट धरला असेल. म्हणून पालकांसाठीं चार गोष्टी येथेंच सांगून ठेवतों.

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउन फिश हा नवशिक्यास सर्वांत सोयीचा. तो विषारी समुद्रपुष्पाच्या आश्रयास राहतो आणि त्याला त्याचें विष बाधत नाहीं. पण लहान टाकींत त्याची एकच जोडी ठेवावी. बारीक गोबी मासा गरीब स्वभावाचा. त्याच्या कांहीं जाती एका जातीच्या कोळंबीबरोबर एकाच बिळांत राहतात. कोळंबीची नजर अधू असते, ती बीळ खणते, आणि मासा दाराशीं पहारा देतो. निळा डॅमसेल मासा दिसावयास रत्नासारखा, पण तो आपली जागा ठरवून बसला म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यावर धांवून जातो. त्याला घ्यावयाचेंच तर सर्वांच्या शेवटीं घ्यावा. निळे व पिवळे सर्जन फिश पोहण्यास लांबरुंद टाकी मागतात. आणि एकाच आकाराचे किंवा एकाच रंगाचे दोन मासे बहुधा एकमेकांस वैरी समजतात. फुलपाखरू माशांच्या बहुतेक जाती प्रवाळांचे जीव खुडून खातात. ट्रिगर फिश शिंपले आणि कोळंब्या फोडून खातो. लायन फिश संथपणें तरंगत असतो, पण तोंडांत मावेल असा कोणताही मासा तो गिळतो. म्हणजे केवळ रंग पाहून निवड करणारा मनुष्य आमच्या विद्यार्थ्याप्रमाणेंच मडक्यांत खेकडा सोडीत असतो.

दुसरी गोष्ट उतावळेपणाची. पाणी व खडक टाकींत घातल्यावर कांहीं आठवडे एकही मासा न सोडतां थांबावें लागतें. माशांच्या मलांतून अमोनिया हें विष निघतें. डोळ्यांना न दिसणारे कांहीं जिवाणु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट ह्या त्या मानानें सौम्य द्रव्यांत रूपांतर करितात. ते जिवाणु खडकांवर आणि वाळूंत वाढावयास वेळ लागतो. गॉसच्या काळीं हें कोणास ठाऊक नव्हतें. सर्व काम वनस्पतीच करिते असा समज होता. तरी टाकी मुरूं द्यावी, घाई करूं नये, हें अनुभवानें त्या लोकांना कळलें होतें. त्यानंतर एक-एक, गरीब स्वभावाचा मासा आधीं व दांडगा शेवटीं, अशा क्रमानें मासे घ्यावेत. टाकींत मासे थोडे असावेत. जागा मोकळी दिसली तरी ती रिकामी नसते.

आतां ह्या कथेंतील दुःखाचा भाग आला. गॉसच्या पुस्तकांनीं इंग्लंडांत ॲक्वेरियमचें वेडच पसरलें. कांच स्वस्त झाली होती, आगगाडीनें समुद्रकांठ जवळ आला होता. हजारों माणसें टोपल्या, हातोडे व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर उतरलीं आणि खळग्याखळग्यांतील जीव खरवडून नेऊं लागलीं. त्यांतील बहुतेक जीव घरीं पोंचल्यावर अज्ञानामुळें मेले. पहिल्यानें जे खडक समुद्रपुष्पांनीं व वनस्पतींनीं नटलेले होते ते उघडे पडले. लोकांस सृष्टीचें प्रेम लावावें हा गॉसचा हेतु. परंतु त्या प्रेमानेंच तिची लूट झाली. बापास ह्याचें मोठें शल्य लागून राहिलें होतें, असें त्याच्या मुलानें १९०७ सालच्या आपल्या पुस्तकांत नमूद केलें आहे.

हा धडा आपल्या किनाऱ्यासही लागू आहे. मालवणच्या समुद्रांत सिंधुदुर्गाच्या आसपास प्रवाळें आहेत. तो भाग १९८७ मध्यें सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. भारतांतील समुद्रांतील प्रवाळें आणि समुद्रघोडे यांना २००१ मध्यें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच मिळालें. तीं समुद्रांतून काढणें गुन्हा आहे. म्हणून टाकी ठेवणाऱ्यानें मासा कोठून आला हें विचारल्यावांचून तो घेऊं नये, आणि माणसांच्या देखरेखीखालीं पैदास झालेला क्लाउन फिश मिळत असेल तर समुद्रांतून पकडलेला घेऊं नये.

१८५७ हें वर्ष गॉसला फार कठीण गेलें. आदल्याच वर्षीं रॉयल सोसायटीनें त्याला सभासद करून घेऊन त्याचा गौरव केला होता. परंतु फेब्रुवारींत एमिली कर्करोगानें वारली. एडमंड तेव्हां सात वर्षांचा होता. त्याच वर्षाच्या अखेरीस गॉसनें ‘ओम्फॅलॉस’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पृथ्वी फार जुनी आहे असें खडकांचे थर दाखवीत होते. उत्पत्तीच्या कथेशीं त्याचा मेळ बसावा म्हणून देवानें सृष्टि निर्माण करितांनाच तिच्यावर वार्धक्याच्या खुणा ठेवल्या, असें त्यानें त्यांत प्रतिपादिलें. तें शास्त्रज्ञांना पटलें नाहीं, आणि भाविकांनाही पटलें नाहीं. त्याचा स्नेही चार्ल्स किंग्सले हा स्वतः धर्मोपदेशक, पण त्यालाही तें मान्य करवेना. देव खडकांतून खोटें सांगणार नाहीं, असेंच आम्हांसही वाटतें. जो मनुष्य डबक्यांतील जीवांपुढें इतका नम्र होऊन बसे, त्यानें खडकांपुढें तशीच वाट पाहिली असती तर बरें झालें असतें. थोर माणसांच्या चुकाही आपण लपवूं नयेत, त्यांच्यापासून शिकावें.

त्या आघातांतून त्याला कामानेंच सांवरलें. मुलाला घेऊन तो टॉर्कीजवळील सेंट मेरीचर्च येथें जाऊन राहिला. रोज किनाऱ्यावर जावें, जीव आणावे, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे आणि त्यांचीं चित्रें काढावीं, असा क्रम पुन्हां सुरू झाला. १८५८ ते १८६० ह्या काळांत ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवरील त्याचा सचित्र ग्रंथ निघाला. १८६० मध्यें त्यानें एलायझा ब्राइटवेन हिच्याशीं दुसरा विवाह केला, व पोरक्या एडमंडास प्रेमळ आई मिळाली. बापलेकांचें धर्मविषयक मत पुढें जुळलें नाहीं. पण बापाचें पहिलें चरित्र लिहिलें तें त्याच मुलानें. वृद्धपणींही गॉसचें निरीक्षण थांबलें नाहीं. शहात्तराव्या वर्षीं, १८८६ मध्यें, सूक्ष्म जलजीवांवरील एका मोठ्या ग्रंथास त्यानें हातभार लाविला. २३ ऑगस्ट १८८८ रोजीं तो देवाघरीं गेला.

आपण समुद्रापासून दूर आहोंत, मग ह्या कथेचा आपल्याला काय उपयोग, असें कोणी म्हणेल. नाणेघाटाच्या कड्यावर उभें राहिलें म्हणजे खालीं कोंकण पसरलेलें दिसतें. समुद्राकांठच्या बंदरांतील माल प्राचीन काळीं ह्याच वाटेनें जुन्नरास चढत असे. आणि पाण्याचा न्याय गोडा-खारा भेद जाणत नाहीं. साईक्स नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें ह्या आपल्या दख्खनच्या नद्यांतील माशांचें वर्णन १८४१ सालींच प्रसिद्ध केलें होतें. आपल्या ओढ्यांतला मासाही अभ्यासास योग्य आहे.

घाटघरच्या त्या विद्यार्थ्यास आम्हीं गॉसची ही कथा सांगितली. पुढें सुटींतून परत येतांना त्यानें पुन्हां भांडें आणलें. ह्या वेळीं तें रुंद तोंडाचें होतें. तळाशीं ओढ्यांतील वाळू, तींत पाणवनस्पतीच्या दोन काड्या आणि एक गोगलगाय, एवढेंच त्यांत होतें. कांहीं आठवडे त्यानें त्याकडे नुसतें पाहिलें, आणि मग दोनच लहान मासे सोडले. खेकडा कोठें आहे, असें आम्हीं विचारलें तेव्हां त्याला ओढ्यांतच राहूं दिलें, असें तो म्हणाला. परीक्षेंतील गुणांपेक्षां आम्हांस त्या उत्तराचें समाधान अधिक वाटलें. ज्या जीवाला आपण आपल्या घरीं आणतों त्याचें सारें जग आपल्या हातीं येतें. तें त्याला पुरेल इतकें मोठें आणि सुखाचें करितां येत नसेल, तर त्याला जेथल्या तेथें राहूं देणें हेंच खरें प्रेम होय.